कागदी नळ्यांची आई

सर, काल तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये गेलो होतो आणि तिथून निघाल्यापासून कुणाला तरी सांगायचं म्हणून जीभ नुसती वळवळतेय. बायकोला दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा तिने मिक्सर लावला. तेव्हा आता उरलात तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी कोण हे आठवायला थोडा वेळ लागेल, म्हणून सोपं करतो: आठवीतला सोनेरी बैलवाला. हसलात ना? मला वाटलंच.

तो बैल मी विसरलेलो नाही. वडील मसाटच्या सूत गिरणीत लागले आणि आम्ही खानदेशातून उठून सिल्वासाला आलो, त्या पहिल्याच वर्षी पोळ्याला आईला पूजेसाठी बैल हवा होता. गावी असतो तर नाल्याची माती आणली असती. इथे चाळीच्या मागे नुसता मुरूम. मग मी वडिलांनी आणलेली सुतळी आणि गिरणीतल्या सुताचा गुंता घेऊन बैल वळला. वशिंड जरा डावीकडे कललेलं, एक शिंग आखूड. तुम्ही कशासाठी तरी चाळीत आला होतात. देव्हाऱ्यासमोर वाकलात, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिलात आणि म्हणालात, "हा शाळेच्या प्रदर्शनात आण. जसा आहे तसा." मी नेमकं शेवटचं वाक्य ऐकलं नाही. एरवी तुम्हीच म्हणायचात, हा फळ्याकडे बघत नाही पण कान मात्र चौकात ठेवून बसतो. त्या दिवशी कानांनी दगा दिला. बाकीची मुलं प्लास्टरचे ताजमहाल आणणार होती, आणि माझ्याकडे काय, तर सुतळी! गणपतीच्या मखरातला उरलेला सोनेरी रंग होता, तो दोन हात दिला.

तुम्ही तो बैल उलटासुलटा केलात. "अरे मेल्या, हा बैल की लग्नाच्या हॉलातली खुर्ची?" सगळा वर्ग हसला. मग तुम्ही आवाज खाली आणलात. तुमचा खाली आणलेला आवाज जास्त लागायचा. म्हणालात, "सुतळीची लाज वाटली तुला? सुतळीला सुतळी राहू दे. बाकीचं ती करते." बैल प्रदर्शनात लागला नाही. मी चार दिवस तुमच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं एक दाभण माझ्या बाकावर ठेवलंत, पोती शिवायचं, जाडजूड, टोकाला जरा वाकडं. ते दाभण आजही माझ्या टेबलाच्या खणात असतं.

टेबल खडोलीला आहे. माझं स्वतःचं युनिट आहे, सर. सूत गुंडाळायच्या कागदी नळ्या बनवतो. कागदाच्या लांब पट्ट्या खळ लावून तिरक्या गुंडाळत जायच्या, एकीवर एक, की झाली नळी. वाळली की नाही ते मी नखाने वाजवून सांगतो. पक्की नळी टण् करते. आतली खळ नीट धरली नसेल तर भद् असा आवाज येतो, आणि ती नळी बाजूला. आमचा फोरमन सुरतेकडचा, तो नव्या माणसाला सांगतो, "शेठना कान आगळ मशीन फेल." म्हणजे शेठच्या कानापुढे मशीनसुद्धा नापास.

तर या जूनमध्ये केबिनमध्ये बसलेलो असताना शेडच्या मागून आवाज यायला लागला. टक, टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक. आमची माणसं नळ्या वाजवून बघतात तशी चाल नव्हती. जाऊन बघतो तर आमच्या पॅकिंगमधल्या मावशीची मुलगी, अकरावीतली, बाद नळ्यांच्या ढिगात बसलेली. तुमच्याच शाळेचं ज्युनियर कॉलेज, ते सुटलं की आईसाठी थांबायची. तिने नळ्यांची एक कोंबडी केली होती, आणि ती कोंबडी, सर, भांडायला निघाली होती! मान पुढे, बूड वर. मी ओरडायला गेलेलो, हसत परत आलो. मग पुढे एक म्हातारा आला, एक सायकल आली, एक बकरी आली. नळ्या, सुतळी, खोक्याच्या पट्ट्या, झाडूच्या काड्या, बस्स. मी मोठा उदार होऊन दोन खोकी पक्क्या नळ्या तिला पाठवल्या, तर बाईसाहेब परत घेऊन आल्या. "काका, ह्या सगळ्या एकसारख्याच आहेत. मला बादच पाहिजेत, त्या वाकतात."

दिवाळीच्या आधी शाळेचं प्रदर्शन होतं. त्यासाठी तिने आईच घडवायला घेतली, खऱ्या मापाची, बसलेली, खोक्याला सुतळी बांधणारी. घरात जागा नाही म्हणून आमच्या शेडच्या कोपऱ्यात. आणि मायलेकींचा करार झालेला मी माझ्या कानांनी ऐकला. आई म्हणाली, "हे मांडलं, लोकान्नी पाह्यलं, तर चित्राच्या कॉलेजचं पाहू. नाही त बारावीनंतर गपचूप कम्प्युटरचा कोर्स करजो." मुलगी म्हणाली, "चालेल." तीन महिने लागले. शेवटी तिने मान बसवली, जराशी तिरकी, आणि शेडमधला प्रत्येक माणूस येऊन तेच म्हणाला: "अरे, ये तो मौसी है!" मावशी उलट उत्तर द्यायच्या आधी मान अशीच करतात. मी दोनदा खाल्लंय ते उत्तर.

आता माझा गाढवपणा ऐका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शेड धुतात, मशिनांना रंग देतात, दुसऱ्या दिवशी पूजा, फाफडा-जिलेबी आणि सुट्टी. मी निघता निघता फोरमनला म्हणालो, "जो खडा है सबको रंग मारो. दसऱ्याला काही जुनं दिसता कामा नये." दसऱ्याला सकाळी हार घेऊन आत शिरलो तर कोपऱ्यात मावशी चंदेरी! डोक्यापासून पायापर्यंत, कंप्रेसरला मारतात तो रंग. वर कपाळाला कुंकू आणि गळ्यात झेंडू. फोरमन शेजारी हात बांधून उभा, शाबासकीची वाट बघत. "शेठ, तमे ज कह्युं हतुं, तुम्हीच सांगितला ना. आणि सर्वात पहिले ह्यांनाच मारला."

प्रदर्शन दोन दिवसांवर. मायलेकी पूजेला आल्या. मुलगी रडली नाही, रडली असती तर बरं. तिने हळूच हार काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "काका, आईचा पत्र्याचा डबा केला तुम्ही." मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना बेटा. चांगलं चकाचक दिसून राह्यलं. मी कधी दिसनार अशी?"

सर, त्या क्षणी माझ्या कानात तुमचा तो खाली आणलेला आवाज आला. अगदी तसाच. आणि तोंडातून निघून गेलं, "सुतळीला सुतळी राहू दे. बाकीचं ती करते." मुलीने वर बघितलं. पण बोलणं सोपं, करायचं काय? कागदावर चढलेला रंग धुता येत नाही. मी उगाच, सवयीने, पुतळ्याच्या दंडावर नख मारलं. भद्! दुसरी नळी, भद्! सर, बाद नळ्या! आतली खळ धरलेलीच नाही! मी केबिनकडे धावलो. या वयात मी धावलो हे बघून दोन माणसं मशीनला आग लागली समजून मागे धावली. खणातून दाभण काढलं, वरच्या पट्टीच्या कडेखाली घातलं, जरा उचकटलं आणि ओढलं. चर्रर्र! अख्खी चंदेरी पट्टी गोल गोल फिरत खाली आली, केळं सोलावं तशी, आणि खालून स्वच्छ तपकिरी कागद! मी पाठवलेल्या पक्क्या नळ्या तिने घेतल्या असत्या ना, तर एक साल निघाली नसती.

मग काय विचारता! सुट्टी कुणी घेतलीच नाही. फोरमन एका हातात जिलेबी धरून दुसऱ्या हाताने सोलतोय, मशीनवाले सोलतायत, मी कडा उचकटून देतोय. शेडभर नुसतं चर्र चर्र, जमिनीवर चंदेरी भेंडोळी. बंद मशिनांच्या शेडमध्ये एवढा सुंदर आवाज मी कधी ऐकला नव्हता. रंगलेली सुतळी मात्र सोलता येईना. तेव्हा मावशी पुढे आल्या, "सरका," म्हणाल्या, आणि आपल्याच पुतळ्याच्या हातातलं खोकं स्वतः नव्या सुतळीने बांधलं, रोज बांधतात तशी गाठ मारून. पुतळ्याच्या बोटांच्या खाचांमध्ये थोडा चंदेरी राहिला होता. मी दाभण सरसावलं तर मुलीने हात धरला. "तेवढा असू द्या, काका. दसऱ्याचं रंगकाम चालू असताना आई काय नुसती बसली असती? तिच्याही बोटांना लागलाच असता." सर, हे वाक्य ऐकायला तुम्ही हवे होतात.

काल हॉलमध्ये तुमच्या जुन्या कपाटाच्या जागी, खिडकीशी, तिला बसवलं होतं. लोक आधी पुतळा बघत, मग मागे उभ्या मावशींकडे, मग परत पुतळा. एका छोट्या मुलीने तर पुतळ्यालाच विचारलं, "तुम्ही थकत नाही का?" मावशी हे सगळं ऐकत होत्या. मग मान तिरकी करून मला विचारलं, "मी खरंच अशी बसते?" मी म्हटलं, "आत्ता उभ्यापण तशाच आहात." त्यांनी पदर सारखा केला, मुलीच्या बाईंकडे गेल्या, आणि मी इतक्या लांबूनही ऐकलं, "त्या चित्राच्या कॉलेजचा फॉर्म कुठं भेटतो?"

इथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण पुतळ्यापाशी मुलीने एक कार्ड लावलं होतं. सुंदर अक्षरात साहित्य लिहिलेलं: कागदी नळ्या, सुतळी, खोकं, थोडा रंग. आणि त्याखाली: "सुतळीला सुतळी राहू दे. बाकीचं ती करते. – काका." लोक वाचत होते आणि माझ्याकडे बघून माना डोलवत होते. एकाने पाठ थोपटली. त्या हॉलमध्ये, सर, त्या खिडकीपाशी! मी चष्मा पुसत उभा राहिलो. मुलगी येऊन म्हणाली, "काका, आवडलं ना?" आणि मी म्हणालो, "छान."

दाभण मी तिला दसऱ्यालाच देऊन टाकलं, तिने मागायच्या आधी. ते सहज सुटलं हातातून. तुमचं वाक्य मात्र अजून माझ्याच नावावर आहे.