यादीतला तिसरा प्रिंटर

३ फेब्रुवारी, सोमवार

लागली बाबा एकदाची नोकरी. शाहूपुरीत हंबीररावांच्या छापखान्यात डिझाइनचं काम, खिडकीजवळचं टेबल, आणि कागलहून येताना केएमटीच्या बसमध्ये बसायला जागा. आणखी काय पाहिजे माणसाला?

हंबीरराव मालक. बोलणं असं की समोरच्याला वाटावं भांडतायत, पण पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन माझ्यासाठी भडंग आणलं. मशीनवर आकारामतात्या. चाळीस वर्षं याच जागी. मला पावणं म्हणाले, वर सांगितलं की पावणं फक्त आठवडाभर, मग घरचंच. इथं लग्नपत्रिका, फुटबॉलच्या सामन्यांची पोस्टरं आणि रक्षाविसर्जनाच्या सूचना छापतात. माणूस गेलं की त्याच दिवशी घरचं कुणीतरी फोटो घेऊन येतं, सूचना चौकातल्या फळ्यावर लागते. ते काम आलं की बाकी सगळं बाजूला ठेवायचं.

अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. पुण्याची नोकरी सोडून आले ती त्यांच्यासाठीच. आई गेल्यावर त्यांनीच आम्हा बहिणींच्या वेण्या घालून शाळेत धाडलं. माझी वेणी नेहमी वाकडी असायची. तो माणूस मला अजून वीस वर्षं पाहिजे. घरी गेल्यावर थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्यांना माझ्यासाठी जागं ठेवलं होतं, सगळं सांगितलं, खूश झाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संगणकावर लिनक्स आहे. मला चालतं. पण प्रिंटरची यादी बघून डोकं फिरलं. आपले दोन, आणि न मागता येऊन बसलेले पाच. इमारतीत सगळ्यांचं वायफाय एकच, त्यामुळं शेजारच्या ऑफिसांचे प्रिंटर आपसूक यादीत घुसतात. काढले की मिनिटात हजर. आज फुटबॉलचं पोस्टर वरच्या वकिलांच्या ऑफिसात निघालं. वकीलसाहेब कागद नाचवत खाली आले, विचारायला लागले की हे अशिलाच्या कुठल्या केसचे पुरावे म्हणायचे. तात्या हसून हसून खोकायला लागले.

५ फेब्रुवारी, बुधवार

केलं दुरुस्त. नेटवर्कवरचे प्रिंटर हुडकत बसणारी एक सर्व्हिस असते, ती बंद केली, परत सुरू होणार नाही असं कुलूप घातलं. पाचही गेले. हंबीरराव म्हणाले, पोरगी हुशार हाय की.

एक चूक मात्र झाली. मयताच्या घरून आलेल्याला निघताना 'परत या' म्हणायचं नसतं, हे मला काय ठाऊक नाही होय? पण पुण्यात दोन वर्षं गिऱ्हाइकांपुढं बसून जिभेला वळण लागलं. एक गृहस्थ वडिलांची सूचना घेऊन निघाले आणि माझ्या तोंडून गेलं, या हं परत. ते थांबले, माझ्याकडं बघितलं, गेले. तात्यांचं तोंड पांढरं पडलं. हंबीररावांनी सगळ्यांदेखत खडसावलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

यादीत तिसरा प्रिंटर. नाव नाही. 'ठिकाण' म्हणून जी ओळ असते तिथं मराठीत पत्ता: शिवाजी पेठ, तालमीमागे, दुसरा मजला. सर्व्हिस तपासली, बंदच होती. मग वायफाय तोडलं. तरी आहे. कंटाळले. सहाला हंबीरराव मेन स्विच पाडतात, तेव्हा होता तसा सोडून आले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पहिलंच काम रक्षाविसर्जनाचं. पत्ता टाइप करताना बोटं अडली. शिवाजी पेठ, तालमीमागे, दुसरा मजला. म्हातारी बाई, पहाटे गेली.

योगायोग असेल. आज ठिकाणात कसबा बावडा, पाण्याच्या टाकीजवळ, असं आलं होतं. पाचला मी तो प्रिंटर काढून टाकला. लगेच परत आला, पण पत्ता बदलून: राजारामपुरी, नववी गल्ली.

८ फेब्रुवारी, शनिवार

राजारामपुरी, नववी गल्ली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. बायको फोटो द्यायला स्वतः आली होती, लग्नातला फोटो होता.

बावड्याचं कुणी आलं नाही.

म्हणजे मी काढला म्हणून बावड्याचं माणूस वाचलं आणि हा गेला? काहीतरीच. आज ठिकाण लक्षतीर्थ आहे. काढू की राहू दे? काढला तर दुसरं कुणीतरी. मी काही केलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

लक्षतीर्थचं काम आलं. काल रविवारी सुट्टी होती, तरी शनिवारी सहाला जो पत्ता होता तोच. म्हणजे मेन पडताना ओळीत जे असतं तेच खरं.

संगणक सगळा पुसला, लिनक्स नव्यानं घातलं. पहिल्या पडद्यावरच तिसरा प्रिंटर. वायफायचा भाग उपसून काढला. तरी आहे.

तात्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले की पोरी, तू मयताच्या माणसास्नी परत या म्हणालीस न्हवं, मरणच परत आलं. मी विचारलं आता जाणार कसं. ते म्हणाले की बोलवल्यालं पोटभर झाल्याबिगर जात न्हाय. संगणक रात्रभर चालू ठेवूया म्हटलं तर हंबीररावांनी वेड्यात काढलं.

आजचा पत्ता मंगळवार पेठ. तसाच ठेवला. देवा, माफ कर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मंगळवार पेठेचं काम आलंच. मग यादी उघडली. कागल, गैबी चौकामागे, पुढची खोली.

पुढच्या खोलीत अप्पांचा पलंग आहे.

काढला. शिवाजी पेठ, आकाराम यांचे घर. काढला. कागल. काढला. आकाराम. वीसदा केलं. दोनच पत्ते. तिसरा येतच नाही.

तात्या शेजारी पत्रिकांच्या घड्या घालत होते. नातीच्या परीक्षेचं सांगत होते. मी मान डोलवत होते. पाच वाजून पन्नासला त्यांचा पत्ता पडद्यावर ठेवला आणि माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला. जाताना म्हणाले की उद्या जरा लौकर ये, पत्रिका उरकूया. मी व्हय म्हणाले.

घरी अप्पा भाकरी खात होते. मला जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तात्या गेले. झोपेतच.

त्यांची सूचना मी केली. फोटो मीच कापला, कडेनं काळी चौकट मीच टाकली. हंबीरराव कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होते. मला म्हणाले, तुझ्यावर लई जीव लावला हुता म्हाताऱ्यानं.

मी मारलं त्यांना. कुणाला सांगू?

आज छापखाना लवकर बंद. ओळ कोरी. झालं असेल पोट भरून. तात्यांनी भरलं असेल—

१३ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

कागल. पुढची खोली.

आक्काला फोन केला. अप्पा बरे आहेत, चहा पितायत. डॉक्टरकडं ने म्हटलं. ती म्हणाली की परवाच तर नेलं हुतं, तुला काय झालंय.

काढला.

शाहूपुरी, छापखाना, खिडकीजवळचे टेबल.

म्हणजे मी.

दुपार

काढला, कागल. काढला, टेबल. दोनच.

पळून गेले तरी सहाला हंबीरराव मेन पाडणारच. ओळीत काहीतरी राहणारच.

ठरलं. टेबल ठेवायचं. अप्पांनी मला वाढवलं, मी त्यांना एवढं तरी द्यावं. आक्काला गोळ्यांच्या वेळा लिहून पाठवल्या. तिनं विचारलं की तू कुठं निघालीस काय. मी फोन पालथा ठेवला.

पाच चाळीस

टेबल आहे ओळीत. हात मांडीखाली दाबून बसले आहे.

सव्वीस वर्षांची आहे मी. मला भीती वाटते. लई भीती वाटते.

पाच सत्तेचाळीस

तात्यांना असंच— त्यांना कळलं असेल का—

नको. बघायचंच नाही.

पाच एक्कावन्न

दाबलं. मी दाबलं. हात आपोआप नाही गेला, मीच दाबलं, मला मरायचं नाही—

कागल.

परत काढते. आत्ता काढते, नऊ मिनिटं आहेत, अप्पा थांबा—

लाईट गेली.

सगळ्या गल्लीची गेली. पडदा काळा. शेवटी ओळीत क—

हंबीरराव ओरडतायत की फेज उडाला, आता उद्याच.

फोन वाजतोय. आक्का. उचलत नाही. उचलला की खरं होणार. वाजतोच आहे, आक्का बंद कर गं, मी अजून काढते आहे, मी