कोरडी वीट

४ डिसेंबर
पोचलो एकदाचा! धानोऱ्याच्या जंगलातलं हे जुनं विश्रामगृह पाहून मन हरखलं. दर्शनी भिंतीवर विटांचीच फुलं आहेत, एकेक पाकळी दगडावर घासून बसवलेली, सांधे दोऱ्याएवढे. बरीच फुटलीत. तीच दुरुस्त करायला मला नागपूरहून बोलावलंय. राखणदार बुधरीबाई स्वयंपाक करून दिवेलागणीआधी गावात परततात. फोनला रेंज नाही. तसाही कोणाला करणार? बायको गेल्यापासून माझ्याशी बोलायला विटाच.

९ डिसेंबर
काम मस्त रंगलंय. चुनाही छान मुरलाय. माझे सांधे मूळ कारागिराच्या तोडीचे झालेत, त्यात केसही घालून दाखवा म्हणावं! कौतुक करायला मात्र कोणी नाही. बुधरीबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि भात उतरवायला गेल्या. वाईट वाटलं.

१५ डिसेंबर
भिंत पूर्ण. दाराशेजारची एक वीट चुन्याशिवाय नुसतीच ठेवलेली होती, बोटानं हलायची. जुन्या गवंड्याचा आळस, दुसरं काय! बुधरीबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "ते वीट कोरडीच राहू द्या भाऊ. बांधणाऱ्याचा जीव भिंतीत गुततो. त्याले भाईर निंगाले वाट पायजे." मला हसू आलं. अर्धवट काम माझ्या हातून सुटायचं नाही. चुना लावून पक्की केली.

१६ डिसेंबर
सकाळी चहा नाही. बुधरीबाई समोरून गेल्या, हाकेला ओ नाही. माझी वळकटी बांधली, पिशवी भरली, पदरानं डोळे पुसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो — मध्ये वीट लागली.
मागे वळलो. तिथेही वीट.

तारीख कळत नाही
अंधार. अंदाजानं लिहितोय. सांधे इतके बारीक की उजेडाची रेघसुद्धा — मीच भरलेत ते. ओरडून घसा बसला. मला शोधायला कोणी येईल असं — कोणीच नाही.

आज
बाहेर माणूस! नवा कारागीर. वीट घासतोय, शीळ घालतोय. माझे सांधे जाड झालेत म्हणे. दाराशेजारची वीट काढून पुन्हा बसवणार. बुधरीबाई सांगताहेत, काढली तर कोरडीच ठेवा भाऊ. तो हसला. माझ्यासारखाच.

टोकरतोय — हलली — निघाली! उजेड! बोटं बाहेर काढलीत — बाबा रे, इकडे बघ — बघत नाही — बोटांना ओलं लागतंय — चुना — अरे थांब, मी अजून आत