लढवय्याला न्याय मिळाल्याची बातमी

एल्क फोर्ड, विस्कॉन्सिन
रविवार, चर्चहून आल्यावर

ती. आर्डिसताईस,

धाकट्या एल्रॉयचा नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा उभ्यानंच केलाय असं समज). तू आणि भाऊजी अ‍ॅरिझोनाच्या उन्हात खुशाल असाल. तुझी कंबर कशी आहे? इथे सगळं क्षेम. तुझ्या जुन्या घरासमोरचं बर्फ अजून मीच काढतो. नवा मालक म्हणतो, "कशाला काका?" पण हाताला सवय लागलीये, त्याला काय करणार.

ताई, बातमी अशी आहे की कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. एकोणीस वर्षांचा अन्याय दूर झाला. कोणावरचा म्हणशील तर लढवय्यांवरचा. दर शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात आपण फासे घेऊन, एकेक पात्र होऊन राक्षसांशी लढायचा आपला खेळ मांडून बसलो की काय व्हायचं, ते तुला मी सांगायला नको. माझा लढवय्या ग्रुंडार दारात उभा राहणार, राक्षसांचे घाव अंगावर झेलणार, आणि वीस बाजूंचा फासा टाकून कसाबसा एकाचा कान कापणार. मग मागून तुझी जादूगारीण ओल्वेनिया दोन शब्द पुटपुटणार आणि कानवाला धरून अकरा राक्षस भाजून निघणार. वर तू म्हणणार, "एल्रॉय, छान उभा होतास हो." गेल्या हिवाळ्यात त्यावरूनच माझं डोकं फिरलं, तुझ्यामुळे मला कामच उरत नाही असं मी सगळ्यांदेखत बोललो, आणि तू फाशांची पिशवी टेबलावर ठेवून निघून गेलीस. पुढे महिन्याभरात घरही विकलंस. (ते जाऊ दे. मी काही जुनं उगाळायला बसलेलो नाही.)

तर बुधवारी वाचनालयात संगणकावर व्हिडिओ गेमच्या बातम्या वाचत होतो. आपल्याच खेळावर बेतलेला तो गेम आहे ना, त्याच्या नव्या आवृत्तीची बातमी: जादूगाराची आग निम्मी, लढवय्याचे वार दुप्पट. मी तीनदा वाचली. छापून घेतली, कागद यंत्रातून बाहेर पडतो न पडतो तोच ओढला, आणि कोट विसरून बाहेर पडलो. वाटेत आनंदानं दोन सॉसेज-पाव खाल्ले. मोहरीची चटणी शर्टावर सांडली, तरी वाईट वाटलं नाही.

काल तो कागद टेबलावर ठेवला. आपली पद्धत तुला माहीतच आहे. ड्रॅगनवर चाल करायची तरी आधी ठराव, मग अनुमोदन, मग मतदान. खेळ चालवणाऱ्या गॉर्डीनं (चीजच्या कारखान्यातली तपासनिसाची नोकरी सुटली, पण नजर सुटली नाही) कागद उजेडात धरून पाहिला. "संगणकावर काय शिजतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?" म्हणाला. खेळात आपली वैदू असणारी लॅव्होन म्हणाली, "तुला वार वाढवून हवेत तर घे की बाबा, आर्डिसची आग कशाला विझवतोस?" मी म्हटलं, समतोल म्हणजे समतोल. मिल्टन (तोच, चोर खेळणारा) चीजच्या तळलेल्या तुकड्यांनी तोंड भरून बसला होता, त्यामुळे तटस्थ राहिला. खेळ चालवणाऱ्याला मत नसतं, तेव्हा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर. मी उभा राहून आभाराचं भाषणही केलं.

लगेच लढाई सुरू झाली. बुरुजाचं अरुंद दार, समोर चौदा राक्षस. ग्रुंडारचा पहिला वार बसला. दुसऱ्या वारासाठी म्हणे एक पाऊल पुढे जावं लागतं, असं गॉर्डीनं कागदात बघून सांगितलं. आता हक्काचा वार कोण सोडतो? गेलो पुढे. तोही बसला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी एका दमात दोन कान कापले, ताई. एवढंच की दार मोकळं राहिलं, आणि तीन राक्षस माझ्या बाजूनं आत गेले. आत ओल्वेनिया होती. (गैरहजर माणसाचं पात्र जवळच्या नातेवाइकानं चालवायचं हा आपला नियम, म्हणून तिचे फासेही मीच टाकले.) तिनं आग सोडली, पण निम्मी. गॉर्डीच्या म्हणण्याप्रमाणे राक्षसांना थंडीत जरा बरं वाटलं. मग तळघर रिकामं करायची वेळ झाली, लॅव्होननं टेबल पुसलं आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. असा सगळा विजयाचा दिवस. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
एल्रॉय

ता. क. – वर सांगायचं राहिलं. ओल्वेनिया पडली आहे. जिवंत आहे, पण अगदी कडेला. जगण्यासाठीचे तीन फासे ज्याचं पात्र त्यानंच टाकायचे, तिथे नातेवाईक चालत नाही. येत्या शनिवारी दोन वाजता तू फोनवर आली नाहीस तर गॉर्डी तिच्या पात्राचा कागद फाडणार, म्हणजे ती कायमची गेली. अशी सूचना लेखीच द्यावी लागते, म्हणून हे पत्र.

आणखी एक – ठरावाच्या बाजूनं पडलेल्या दोन मतांपैकी एक माझं. दुसरं तुझं. गैरहजर माणसाचं मतही जवळचा नातेवाईकच देतो.

हेही – आज चर्चमध्ये वाचनालयाच्या बाईंनी माझा कोट आणून दिला, आणि त्या बातमीचं दुसरं पान, जे यंत्रातच राहिलं होतं. त्यावर लिहिलंय की हा बदल फक्त पंधरा दिवसांच्या चाचणीपुरता, आवडला नाही तर परत घेऊ. मला तर एका दुपारीच पुरला. ठराव रद्द करायचा कागद मी लिहून ठेवलाय. लॅव्होन अनुमोदन देणार आहे.

शेवटचं – सोबतच्या खोक्यात तुझी फाशांची पिशवी आहे. मी त्यातला एकही वापरला नाही. मागे तू नसलीस तर दारात उभं राहायचं कोणासाठी, हे मला कळायला चौदा महिने लागले. फासे कसेही पडोत, तू फोन कर. ग्रुंडार दारात परत आलाय, आणि छान उभा आहे.