दोन भिंगे आणि अकरा माणसे

टेंभी नाका, ठाणे
माघ शुद्ध दशमी, शके १८१७

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी मालनचा साष्टांग नमस्कार. कल्याणच्या थंडीत आपला दमा कसा आहे? (मामींनी दिलेला अडुळशाचा काढा तुळशीला घालू नये, तिला दमा नाही.) इकडे सर्व सुखरूप.

आपण कॅमेऱ्याबरोबर दोन भिंगे पाठवून दोहोंविषयी निष्पक्ष अभिप्राय मागितलात, तो देते. मी बी.ए. झाले म्हणून नानांनी घरच्या सर्वांची तसबीर काढविली. माणसे अकरा (मला सोडून, भिंगाचे टोपण काढायला मीच), अंगण चिंचोळे, आणि कॅमेरा चार पावले मागे नेला की विहीर. अरुंद भिंगातून नानांच्या मिशीचा केस न् केस दिसे, पण माणसे दहाच मावत. (कॅमेरा विहिरीच्या काठावर ठेवून मला मागून धरण्याची तयारी महिपतकाकांनी दाखविली.) शेवटी नाना म्हणाले, "तुळसाला राहू दे. फोटोत जागा नाही." जागा खरोखरच नव्हती. पण अकरावे माणूस तुळसाआत्याच का, हे काही भिंग सांगत नव्हते. सोळाव्या वर्षी कुंकू पुसून ती माहेरी आली, आणि मी पुस्तक घेऊन बसावे म्हणून माझ्या वाटणीचे पाणी तिने दहा वर्षे उपसले आणि दळणही दळले. आताही ती आपणहून आत जाऊ लागली.

मी तिला थांबवून रुंद भिंग चढविले. अकराही जण मावले, शिवाय शेजाऱ्यांची म्हैस. कडेची माणसे मात्र आडवी ताणली जातात. काडीसारखे महिपतकाका इतके भरदार आले आहेत की एक प्रत सासुरवाडीला पाठवा म्हणतात. दुसरे असे की, सारे धुक्यातल्यासारखे पुसट येते. आईचे कपाळ कुंकवाचे आणि आत्याचे मोकळे, पण तसबिरीत दोन्ही सारखीच. नाना ती पाहून अरुंद भिंगाने पुन्हा काढू या का, असे विचारू लागले. मी सांगितले की रुंद भिंगाचा धर्मच हा; माणसे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. शिकलेल्या मुलीचे बोलणे म्हणून त्यांनी ते मानले आणि तसबीर माजघरात लावली. आत्या दिवा लावायला जाते तेव्हा तिथे जरा जास्तच रेंगाळते.

अरुंद भिंगात स्वच्छ दिसते हे खरे, पण कोणाला तरी बाहेर ठेवूनच ते स्वच्छ दिसते. म्हणून माझे मत रुंद भिंगाला.

आपली भाची,
मालन

ता. क. रुंद भिंग सोबत परत पाठविले आहे. पितळ कसे लखलखते ते पाहावे. काच पाहू नये.

आणखी ता. क. तसबिरीच्या सकाळी आत्याने देवाच्या उपकरण्यांबरोबर आपले भिंगही चिंच आणि राख लावून घासले. "अगं, परक्याची वस्तू, काळवंडलेली कशी परत द्यायची?" असे वर मलाच म्हणाली. काचेवर ओरखडे उठले हे तिला अजून ठाऊक नाही. उजेडाच्या वाटणीचे शास्त्र माझे मीच रचले. पदवी मिळाल्यावरचे हे पहिले खोटे. होळीला आपण याल तेव्हा नाना विचारतीलच, आणि खरे कळले तर अरुंद भिंगाने पुन्हा तसबीर काढवतील, दहा जणांची. तेव्हा मामा, भिंग तर गेलेच. बिंग तेवढे फुटू देऊ नये.