चौसष्ट बटणं आणि एक बेट

४ फेब्रुवारी, बुधवार

कानसेनचा फोन. रविवारी येतो म्हणाला. यांचं शेवटचं, अपुरं राहिलेलं बेट टेपवर घ्यायचंय. "वहिनी, तोवर यंत्राला हात लावू नका हं!" हे गेल्यापासून अकरा महिने लावला नाही, तो आताच लावीन?

कानसेन हे नाव यांनीच ठेवलेलं. गळा नाही, हात नाही, नुसते कान! दुसऱ्यांचं रेकॉर्ड करून पोट भरतो.

५ फेब्रुवारी

सिंथेसायझर मागच्या खोलीत आहे, तसाच. टेलिफोनच्या खांबांवरून उतरून आले की हे तिथे बसायचे. चौसष्ट बटणं वळवत. वारा निघायचा, पक्षी निघायचे, पण कुठले ते सांगता येऊ नये असे. अशा एकेका तुकड्याला हे बेट म्हणत. प्रत्येकाला एका जागेचं नाव – मिठाचा डोंगर, उलटी नदी, तीन चंद्रांचं बंदर.

मी नुकतीच वाचायला शिकले होते तेव्हा. आपली आपणच. वाचनालयातून नकाशांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि तीन दिवस उलटी नदी शोधली. सापडेना. वाटलं, माझ्याच वाचण्यात खोट. शेवटी यांना विचारलं. हसले नाहीत. "ती अजून छापलेली नाही," म्हणाले.

"मग जायचं कसं?"

"बसून."

यंत्राला आठवण नाही. बटणं जिथे असतील तो आवाज. हलली की गेला. म्हणून हे कागदावर मांडणी उतरवून ठेवत. शेवटची उतरवायची राहिली. नाव विचारलं होतं, तर म्हणाले, "पोचलो की सांगतो."

७ फेब्रुवारी, शनिवार

पुसलं!

पाहुणा येणार म्हणून खोली झाडली. खिडकी पुसली, फळी पुसली, मग यंत्र. तीस वर्षं रुग्णालयाच्या धुलाईघरात काढलेले हात. ते डोक्याला विचारत नाहीत. एकेक बटण चिमटीत धरून गोल फिरवून पुसलं. चौसष्टच्या चौसष्ट. शेवटच्यावर आले तेव्हा कळलं.

फडकं पिळलं. वाळत घातलं.

सून दारातून म्हणाली, "आई, काय चकचकीत झालंय!" म्हटलं, हो ना.

८ फेब्रुवारी, रविवार

आला. बूट काढले, वायरी जोडल्या, यंत्र लावलं. मी दाराला टेकून उभी.

आधी काहीच नाही. मग खालून घरघर, ओल्या चादरींचा ढीग फरशीवरून ओढत न्यावा तशी. वर एक बारीक शिटी, थांबत थांबत.

कानसेन डोळे मिटून बसला होता. गालावरून पाणी. म्हणाला, "कुठे गेला हो दादा, वहिनी."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. मी विचारलं, "साखर कमी तर नाही ना?"

एक घाव दोन तुकडे करणारी बाई म्हणून मला ओळखतात!

९ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

आजही नाही. सुनेने विचारलं, जेवत का नाही. दात दुखतोय म्हटलं. एक झाकायला दुसरं.

१२ फेब्रुवारी

यांची बेटं कुठेच नव्हती. पण होती ती यांचीच. आता यांच्या नावाखाली माझ्या फडक्याचं बेट निघणार.

माणूस गेला तेव्हा निदान तो शेवटी कुठे बसला होता ते उरलं होतं. तेही मी पुसलं. रडू आलं नाही. भांडी घासली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच कानसेनला फोन केला. उभ्या उभ्या सांगून टाकलं.

मग म्हणाला, "माहीत होतं, वहिनी."

"कसं?"

"अकरा महिन्यांची धूळ कुठे गेली? आणि पहिल्या ओळीतलं शेवटचं बटण दादाने जन्मात शून्यावर ठेवलं नव्हतं."

"मग रडलास कशाला?"

"दादाचं गेलं म्हणून. मग ऐकत राहिलो. वाईट नव्हतं हो ते."

"पुसून टाक."

"दादाचं नाव नाही लावणार. पण पुसणारही नाही. पुसण्याचं काम तुमचं!"

"लबाडा, तोंडावर का नाही बोललास?"

"तुम्ही तरी काय केलंत? साखर विचारलीत!"

हसू आलं. अकरा महिन्यांनी. फोन ठेवल्यावर जरा लाज वाटली. दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२ मार्च

वर्ष झालं. यांचे मांडणीचे कागद काढून वाचले. अक्षर बारीक, पण कळतं. उलटी नदी लावून पाहिली. लागली!

१५ मार्च, रविवार

सगळी बटणं शून्यावर आणली. मग एकेक वळवलं, हळू. जिथे थांबावंसं वाटलं तिथे थांबले. मांडणी कोऱ्या कागदावर उतरवून ठेवली.

कानसेनचा फोन आला, त्याला हे सांगितलं. विचारत होता, बेटाचं नाव काय?

म्हटलं, पोचले की सांगते.