चौथ्या गव्याची दारं

१८ जुलै २०२४, गुरुवार

राणी इथं येणार! माझ्याच तुकडीत!

तुकडीप्रमुख ओमप्रकाश सरांनी चहाच्या वेळी सहज सांगितलं — "व्यंकटीमामा, पेढे काढा. लेक पण टेस्ट ड्रायव्हर झाली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. कप खाली ठेवताना बशी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला.

बायकोला, दैवशालाला, घरी पोखर्णीला फोन लावला. म्हणाली, "तुमीच शिकवलं ना पोरीला ट्रॅक्टर? मग आता कामून तोंड पाडायलाव?"

तोंड पाडलेलं हिला फोनवरून कसं दिसलं!

२० जुलै

ताडकळसच्या बाहेर एका बंद कापूस-जिनिंगच्या शेडमध्ये मुक्काम आहे. कंपनीला काळ्या रानाचा चिखल पाहिजे होता. अख्खा देश धुंडाळला आणि सापडला तो माझ्याच जिल्ह्यातला. जानेवारीपर्यंत इथंच.

'गवा' गाडीच्या चौथ्या मॉडेलचा आकार कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळे-पांढरे पट्टे चिकटवलेत. बाजाराला आलेली माणसं थांबून बघतात. एक म्हातारा म्हणाला, "गाढवाला पट्टे मारले म्हणून घोडं होतंय का?"

ओमप्रकाश सर सोडून सगळे हसले.

२२ जुलै, सोमवार

पाऊस. काम बंद. जुनं आठवत बसलो.

पहिला गवा काढला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा. नुसतं लोखंड! श्रीमंतांची गाडी म्हणायची, पण मागं बसलेल्या मालकाचं डोकं टपाला आपटायचं. काच खाली करायला हातानं फिरवायचा दांडा. चारी चाकांना जोर द्यायला मांडीशेजारी लिव्हर — ओढताना खांदा निखळायचा. ओढ्यात घातली की पाणी आत यायचं. पण दाराला लाथ घातली की दार उघडायचं.

दुसऱ्यात कातडी सीटा आल्या, थंडगार एसी आला, काचा बटणावर गेल्या. पुढारी, बिल्डर रांग लावून घेत. त्याच गव्यात माझा सोबती ड्रायव्हर गोपाळ गेला. कोकणात, चाचणीच्या वेळी. पाणी अचानक वाढलं. मी काठावर उभा होतो. गाडी बुडाली तरी वायपर चालूच होते. काचा खाली आल्या नाहीत.

तिसऱ्यात पडदा आला. गोल खटका फिरवा — चिखल, वाळू, दगड — पुढचं गाडी ठरवते. बुडाली तरी काचा थोडा वेळ चालतील अशी सोय केली. ती गोपाळमुळं. तसं कुणी बोलत नाही.

आणि आता चौथा. आतून दाराला कडीच नाही! गुळगुळीत जागेवर बोट टेकवायचं, दार आपलं आपण उघडतं. काचा दुपदरी, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आत बसलं की आपलाच श्वास ऐकू येतो.

गोपाळ गेल्यापासून मी प्रत्येक पाण्याला भितो. इतकी वर्षं. कुणालाच माहीत नाही — दैवशालालाही नाही.

२५ जुलै

राणी आली. बूट, टोपी, हातात हेल्मेट. तेवीस वर्षांची झाली, पण चालते अजून शाळेला उशीर झाल्यासारखी.

आमच्या इंजिनिअर प्रियांका मॅडमना सांगत होती, "बाबांना कशाचंच भ्या वाटत न्हाई, मॅडम. लहानपणी मला वाटायचं, द्येवानं त्यांच्यात तो पार्टच बसवला न्हाई."

मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. मी बोनेट उघडून उगाच आत बघत राहिलो.

३० जुलै

पोरगी चालवते मात्र झकास! चिखलात चाक फिरायला लागलं तरी घाबरून रेस वाढवत नाही. मुंजाजी — ज्याचं रान कंपनीनं चाचणीला घेतलंय — बांधावरून ओरडला, "मामा, लेक तुमच्यावर गेली!"

छाती फुगली. आणि वाटलं, ही इथं आलीच नसती तर बरं झालं असतं. दोन्ही एकदमच.

६ ऑगस्ट, मंगळवार

मोठा खड्डा खणून पाणी भरलंय. आज त्यात पहिल्यांदा गेलो. मीच चालवली. बाहेर येऊन बोट टेकवलं — दार उघडलं नाही.

परत टेकवलं. नाही.

मग उघडलं. फार वेळ गेला नसेल. पण तेवढ्यात पाठ ओली झाली, मानेपासून कमरेपर्यंत. राणी धावत आली — "काय झालं बाबा?" मी म्हणालो, "काय न्हाई. गरम होतंय."

मॅडमच्या मात्र लक्षात आलं होतं. सरांना त्या तिथंच म्हणाल्या, "पाण्यात वीज गेली तर हे दार उघडणार नाही. आतून ओढायची एक साधी तार द्या. हे मी पुण्यातही सांगितलं होतं."

सर म्हणाले, "एवढ्या भारी गाडीत दोरी लोंबकळणार का, प्रियांका?"

मी तिथंच होतो. तोंड उघडलं नाही. सगळ्यांना वाटतं, मामांना काय फरक पडतोय!

१९ ऑगस्ट, सोमवार

जाहिरातीची माणसं पुण्याहून येणार. ती म्हणतात, खड्ड्यात मजा नाही, खरा ओढा पाहिजे. गोदावरीकडं जाणारा इथला ओढा सध्या भरून वाहायलाय. आणि सर म्हणतात, गाडी राणी चालवणार. "पोरगी स्टिअरिंगवर, गवा पाण्यात. बघा कसं दिसतंय!"

मी त्यांना बाजूला घेतलं. भीती वाटते म्हणून सांगायचं होतं. जीभच वळली नाही. तोंडातून भलतंच निघालं — "सर, ती अजून तयार नाही. पाण्यात डोकं शांत राहत नाही तिचं."

साफ खोटं! तिच्याइतकं शांत डोकं आख्ख्या तुकडीत कुणाचं नाही.

२० ऑगस्ट

राणीला कळलं. सरांनीच सांगितलं असणार. जेवायला माझ्याशेजारी बसली नाही. ताट धुताना आली.

"बाबा, तुमी असं म्हणालाव?"

मी धुतलेलंच ताट परत धुतलं.

"दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर भांडले असते. तुमी म्हणल्यावर मी कुणाकडं जाऊ?"

सरांनी मधला रस्ता काढला. राणी चालवणार, मी शेजारी बसणार. बरं झालं. निदान मी शेजारी असेन.

२६ ऑगस्ट

उद्या. ओढ्यात जायचं.

२८ ऑगस्ट

जिवंत आहोत. दोघंही. आज एवढंच.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आज लिहितो. नाहीतर डोक्यातून निघणार नाही.

पहिली खेप नीट झाली. कॅमेरावाला खूश. म्हणाला, "परत एकदा, थोडं जोरात." प्रियांका मॅडम काठावरून हात हलवून नको म्हणत होत्या. वर कुठंतरी पाऊस झाला असावा, पाण्याचा रंग बदललेला. राणीनं माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मान हलवली — चल.

ओढ्याच्या मध्यावर पुढचं उजवं चाक खाली गेलं. तळाची माती वाहून खोल घळ पडलेली. गाडी नाकावर आली आणि बोनेट पाण्यात गेलं. पडदा चमकला, विझला. एसी थांबला. सगळं गप्प!

राणीनं बोट टेकवलं. मी टेकवलं. काचेचं बटण, टपातल्या खिडकीचं बटण — काही नाही. पाणी पायातून गुडघ्यावर आलं. काठावरची माणसं तोंडं उघडून ओरडताना दिसत होती, आवाज येत नव्हता.

मी काय केलं? काहीच नाही. पंचवीस वर्षांचा अनुभव! गुळगुळीत जागेवर बोट दाबत राहिलो, दाबतच राहिलो. राणीचे हात स्टिअरिंगवर घट्ट, बोटं पांढरी पडलेली. नजर समोर. तीही हलेना. पाणी सीटवर आलं. वाटलं, आता दोघं असंच बसून राहणार, एकमेकांना धीट समजत.

मग तोंडातून निघालं. कसं निघालं माहीत नाही.

"राणी, मला लय भ्या वाटायलंय गं."

तिनं मान वळवली. असं बघितलं की जणू कुणी परका माणूस शेजारी बसलाय. मग म्हणाली,

"मला बी, बाबा. पहिल्या दिवसापासून. तुमाला वाटत न्हाई म्हणून मी बोलले न्हाई."

आणि तिचे हात सुटले. खरंच, दिसले मला सुटताना!

"मागं चला बाबा. मागची बारकी काच एकपदरी हाय. मॅडमला इचारलं होतं मी."

सीटांवरून सरपटत मागं गेलो. मागची बाजू वर होती, तिथं पाणी कमी. तिनं सीटवरची डोकं टेकायची उशी उपसून काढली आणि तिच्या लोखंडी दांड्यांनी कोपऱ्यातल्या काचेवर मारायला लागली. एकदा, दोनदा, कितीदा कुणास ठाऊक. मी मागून तिची कंबर धरली होती, घसरू नये म्हणून. माझं काम तेवढंच. काच फुटली आणि एकदम सगळे आवाज आत आले — पाण्याचा, माणसांचा, मुंजाजीच्या ट्रॅक्टरचा.

"आधी तू," मी म्हणालो. ती गेली. मग मी. खांदा अडकला, शर्ट फाटला, कातडी सोलली. मुंजाजीनं फेकलेला दोर दोघांनी धरला. काठावर चिखलात पालथा पडलो आणि लहान पोरासारखा रडलो. सगळ्यांसमोर. राणी पाठीवर हात फिरवत होती. तिच्या हाताला सात टाके पडलेत.

१ सप्टेंबर

दैवशाला दवाखान्यात आली. राणीचा हात बघितला, माझा खांदा बघितला. ओरडेल वाटलं होतं.

म्हणाली, "तुमी चाचणीला गेलाव की मी फोनजवळून हलत न्हाई. लग्न झाल्यापासून."

आधी सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"तुमाला भ्या वाटंल म्हणून."

९ सप्टेंबर, सोमवार

पुण्यात मीटिंग. मोठी माणसं आलेली. ओमप्रकाश सर म्हणाले, पाणी ठरलेल्या मापापेक्षा जास्त होतं, गाडीचा दोष म्हणता येणार नाही. प्रियांका मॅडमनी पडद्यावर सगळं उलगडून दाखवलं — वीज कुठं गेली, दार का अडकलं. शेवटी म्हणाल्या, "तार बसल्याशिवाय मी या गाडीला हो म्हणणार नाही. मला काढायचं तर काढा."

मग मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "मामा, तुम्ही एवढे अनुभवी. तुमचं काय मत?"

उभा राहिलो. "मी भितो, साहेब. गोपाळ गेला तेव्हापासून भितो. मला असली गाडी नको, जिच्यात भिणाऱ्या माणसाला बाहेर येता येत नाही. विकत घेणारं माणूस पण भिणारंच असणार."

तार बसवायचं ठरलं.

११ सप्टेंबर

नोकरी सोडली. राणी सोडणार नाही म्हणते. "आता मला भ्या वाटतंय हे सगळ्यांला ठाव हाय. आता नीट काम करता येईल."

माझी भीती आहेच. पण आता फोनवर विचारतो तरी — आज भ्या वाटलं का? ती सांगते, किती ते.

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

चौथा गवा बाजारात आला. राणीचा फोन. आवाज बसलेला.

"बाबा, तार बसवली. पण दाराच्या खणात, रबराखाली, वर झाकण. वाईट दिसती म्हणून लपवली. मॅडम भांडल्या, मी भांडले."

"मग लोकांला कळणार कसं?"

"गाडीबरोबरच्या पुस्तकात लिवलंय."

"पुस्तक कोण वाचतंय, बाई!"

ओढ्याकाठची ती तोंडं डोळ्यांसमोर आली — उघडी, आवाज नसलेली.

२० डिसेंबर २०२५, शनिवार

आज पोखर्णीत नरसिंहाच्या देवळासमोर पांढरा चौथा गवा उभा. वालूरची मंडळी, नव्या गाडीची पूजा. हार, चाकाखाली लिंबं. मागं म्हातारी, शेजारी सून, मांडीवर लेकरू. काचा बंद.

ओढ्यानंतर मी कुठल्याच मोटारीत बसलो नव्हतो. एसटीनं जातो, दाराजवळ उभा राहून.

काचेवर टकटक केलं. मालकाला म्हणालो, "आत वीज गेल्यावर दार कसं उघडायचं, ठाव हाय का?" तो हसला. नाही म्हणाला. मी म्हणालो, "मला मागच्या सीटवर बसू द्या. आणि दार लावा."

लावलं. सगळं गप्प झालं. हात इतके कापत होते की रबर निघेना. म्हातारी बघत होती. तिनं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि म्हणाली, "सावकाश, लेकरा."

झाकण निघालं. तार ओढली. दार उघडलं.

"आता मला शिकीव," म्हातारी म्हणाली.