रपट्यावरची ट्यूब

बालाघाट
१७ डिसेंबर १९८६

चि. सौ. ललिता हीस,
घनश्यामदादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही दोघे मलाजखंडला सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. आई बरी आहे, म्हणजे दोन घास खाते. बोलत मात्र नाही. तुझी वहिनी सत्यभामा तिच्याजवळ झोपते.

तू इथे होतीस तेव्हा घर माणसांनी भरलेले होते. आपले दोघांचे बोलणे झालेच नाही. बाबा कसे गेले हे तुला ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितले असेल, म्हणून मी लिहितो. बाबा दिवेलागणीला विहारात वंदनेसाठी निघाले. वस्ती आणि विहार यांच्या मधे नाला आहे, त्यावरचा रपटा, म्हणजे तो ठेंगणा पूल, बिनकठड्याचा आहे, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. रपट्याच्या खांबावर वस्ती समितीने लावलेली ट्यूब त्या वेळी लागलेली नव्हती, नुसती फडफडत होती. बाबा कडेवरून खाली गेले. खाली दगड आहेत.

काल समितीची मंडळी शोकप्रस्ताव घेऊन घरी आली होती. सचिव पुनाराम यांनी तो उभे राहून वाचला. त्यात लिहिले आहे की, चैतराम गुरुजींची नजर वयामुळे अधू झाल्याने हा दुर्दैवी प्रसंग ओढवला. आई तिथेच बसली होती. बाबा तिला शेवटपर्यंत सुईत दोरा ओवून देत होते. सत्यभामाने चहा दिला, ते चहा पिऊन गेले. ते गेल्यावर मला राग आला, तो आज डेपोत दिवसभर लाकडे मोजून घेतानाही गेला नाही.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला या ट्यूब लागल्या, ते तुला आठवत असेल. जावईबापूंनीच समितीला पटवून दिले होते की, बल्ब अर्धी वीज तापण्यातच घालवतो, ट्यूब कमी विजेत जास्त उजेड देते. त्या संध्याकाळी सगळी वस्ती पांढरीशुभ्र झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनीही वाजवल्या. पण तेव्हा धान शेतात उभे होते आणि ते भरडणाऱ्या मिल बंद होत्या. दिवाळीनंतर नवे धान आले, मिल सुरू झाल्या, आणि आपली लाईन त्यांच्याच लाईनीवर आहे. आता अंधार पडला की व्होल्टेज बसते. पूर्वीचा बल्ब अशा वेळी लाल होई, पण जळत राही. ट्यूब मिल बंद होईपर्यंत लागतच नाही.

बायकांनी नोव्हेंबरातच तक्रार केली होती. खांबाच्या उजेडात ओसरीवर शिवणकाम करणारी साधना पुनारामला म्हणाली की, भाऊ, या उजेडात मले काळा दोरा निळा दिसते अन् लागला नाही का तोही दिसत नाही, आमचा लट्टू बल्ब आम्हाले वापस द्या. त्यावर पुनाराम म्हणाले की, बाई, देश कुठच्या कुठे चालला अन् तुमी अजून लट्टूलेच धरून राह्यल्या. सगळे हसले. मीही तिथे होतो.

माझे एकच मागणे आहे. रपट्यावर बल्ब परत लागला पाहिजे. आई त्या दिवसापासून विहारात गेलेली नाही. जावईबापूंचा शब्द समितीत चालतो. त्यांनी दोन ओळी लिहून द्याव्यात.

बाळास माझी आठवण. पत्राची वाट पाहतो.
तुझा दादा,
घनश्याम


मलाजखंड
२२ डिसेंबर १९८६

आदरणीय दादा यांस,
ललिताचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र आले. माझ्या लग्नापासून तुम्ही पाठवलेली सगळी पत्रे एकत्र केली तरी एवढी भरायची नाहीत. मी हे दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा रडले. आईला सांगा की मी पुढच्या महिन्यात येते. वहिनींना म्हणावे की तिला नुसता चहा देऊ नका, त्यात भाकरी कुस्करून द्या, मग ती खाते.

तुमचा निरोप यांना सांगितला. ते म्हणाले की, हे पाहा, दोष ट्यूबचा नाही, व्होल्टेजचा आहे. इथे टाऊनशिपमध्ये रस्त्यारस्त्यावर ट्यूब आहेत, एकही कधी फडफडत नाही. बल्ब परत लावा असे मी लिहून दिले तर उद्या सगळ्या वस्त्या तेच मागतील, आणि विजेची बचत कोण करणार? त्यांचे म्हणणे आहे की समितीने वीज मंडळाकडे अर्ज करून ट्रान्सफॉर्मर वाढवून घ्यावा. तोपर्यंत म्हाताऱ्या माणसांनी हातात बॅटरी घेऊन निघावे.

दादा, तुम्हाला राग येईल हे मला माहीत आहे. मलाही शेवटचे वाक्य आवडले नाही. पण ते वाईट हेतूने बोलत नाहीत. बाबांवर त्यांचा जीव होता. इथे बदली झाली तेव्हा बाबांनीच त्यांना धीर दिला होता. तुम्ही दोघे भांडलात तर मी कोणाकडे पाहू?

पुनारामकाकांचा निरोप यांच्याकडे आला आहे. बाबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी रपट्यावर दोन नळ्यांची नवी ट्यूब लावायची आणि खांबावर बाबांचे नाव रंगवायचे, असे समितीच्या मनात आहे. ते म्हणतात की गुरुजींचा मान राहील. मला काय वाटावे तेच कळत नाही.

वहिनींना जयभीम, आईच्या पायांवर डोके. माझ्यावर राग धरू नका.
तुमची,
ललिता


बालाघाट
२७ डिसेंबर १९८६

चि. सौ. ललिता हीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

आईला भाकरी कुस्करून दिली, खाल्ली. आता दुसरे लिहितो.

बॅटरी बाबांच्या हातात होती. मी नाल्यात उतरलो तेव्हा ती चालू होती, पाण्यात उजेड पडत होता. हे मी कोणाला सांगितले नव्हते, तुलाही नाही. जावईबापूंना हे वाचून दाखव.

दोष व्होल्टेजचा आहे म्हणतात. बरे. व्होल्टेज काय पाहुणे आहे, की आज येईल की उद्या ते आपल्याला माहीत नव्हते? दर वर्षी धान निघते, दर वर्षी मिल चालतात. बालाघाटात जन्मलेल्या पोरालाही हे ठाऊक आहे. समितीला ठाऊक होते, मला ठाऊक होते. पण मलाजखंडच्या टाऊनशिपमध्ये लखलखते तर इथेही लखलखेल, असे आम्ही सगळ्यांनी मानले, कारण सांगणारा इंजिनिअर होता आणि आपला जावई होता. अंधारात चालायचे कोणाला होते, हे कोणी विचारले नाही. तुमच्या बचतीचा हिशोब माझ्या बापाने का चुकता करायचा?

काल समितीत गेलो. मी कधी उभा राहत नाही, काल राहिलो. मी म्हणालो की रपट्यावर बल्ब लावा, एकच लावा, बाकी वस्तीत हवे ते करा. पुनाराम म्हणाले की, दादा, एक लट्टू लावला का बाकीचे पन मांगतीन, मग आमी तोंड काहाले दाखवाव? अन् गुरुजीच्या नावानं ट्यूब लावून तर राह्यलो! मी म्हणालो की ज्या ट्यूबखाली माझा बाप मेला तिच्यावर त्यांचे नाव लिहाल तर मी स्वतः चुना फासीन. एक जण पाठीमागून बोलला की, हा मुका माणूस आज काहून बोलून राह्यला? मी खाली बसलो.

त्यांनी पुण्यानुमोदन रविवारी ठेवावे असे सुचवले. सगळ्यांना सुटी असते म्हणाले. मी हौ म्हटले नाही. रविवारी मिल बंद असतात. रविवारी ती ट्यूब चंद्रासारखी जळेल आणि सगळे म्हणतील की पाहा, काय उजेड आहे. कार्यक्रम माझ्या बापाचा आहे, वार मी ठरवीन. गुरुवार, आठ जानेवारी, दिवेलागणीला, विहारात. येणाऱ्या प्रत्येकाला रपट्यावरूनच यावे लागेल. समितीला, पाहुण्यांना आणि जावईबापूंना.

तू बाळाला कडेवर घेऊन येऊ नकोस. त्याला घरी सत्यभामाच्या बहिणीजवळ ठेव.

कळावे.
घनश्याम


मलाजखंड
२ जानेवारी १९८७

आदरणीय घनश्यामदादा यांस,
वसंताचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र ललिताने वाचून दाखवले. बॅटरीचे मला माहीत नव्हते. मी ते वाक्य बोलायला नको होते.

परंतु ट्यूब चुकीची आहे हे मी मानत नाही. मी शिकलो ते खोटे नाही. उद्या या देशात बल्ब राहणार नाहीत, हे मी आजच लिहून देतो. मात्र तुम्ही माणसांना अंधारात चालायला लावून हा वाद सोडवणार असाल, तर त्यात आणखी कोणाचे हाड मोडेल याचा विचार करावा. आपला राग माझ्यावर आहे तो माझ्यावर काढावा. वयस्कर मंडळींना त्यात ओढू नये.

आम्ही दोघे आठ तारखेला दुपारच्या बसने निघतो.
आपला,
वसंता


मलाजखंड
१२ जानेवारी १९८७

आदरणीय दादा यांस,
ललिताचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही पोचलो. हे कामावर गेले आहेत. तुम्ही त्या संध्याकाळी विहारात फुले मांडत होता, म्हणून रपट्यावर काय झाले ते तुम्ही पाहिले नाही. तुम्हाला ते कळलेच पाहिजे. मी तुमच्यावर रागावले आहे हेही कळले पाहिजे.

आमची बस उशिरा आली. घरी बाळाला ठेवून, आईला मधे धरून आम्ही निघालो. आई यायला तयार नव्हती. घनश्यामनं बोलावलं म्हणून येतो, एवढेच म्हणाली. रपट्याशी आलो तर चाळीसेक माणसे अलीकडेच थांबलेली. ट्यूब पेटते, विझते, पेटते. यांनी बॅटरी लावली. तेव्हा मला समजले दादा, बाबांची बॅटरी का उपयोगी पडली नाही. बॅटरीच्या उजेडात पाय टाकायला जावे तर वरून पांढरा झोत येतो, डोळे दिपतात, आणि पुन्हा पाहावे तर पायाखाली काहीच दिसत नाही. नुसता अंधार असता तर बॅटरी पुरली असती.

पुनारामकाकांची म्हातारी आई सगळ्यात पुढे होती. ती रपट्याच्या तोंडाशी मटकन खाली बसली आणि मोठ्यांदा म्हणाली की, पुन्या, मले मारतं का रे? चैतरामले मारला, आता मले मारतं का? काका तिला हात धरून उठवू लागले तर तिने त्यांचा हात झटकला. कोणी हसले नाही. मागून साधनाबाई म्हणाली की, आता बोला ना भाऊ, देश कुठं गेला?

यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि त्यांचा पाय कडेवर गेला. मी सदऱ्याला धरून मागे ओढले. त्यांची एक चप्पल नाल्यात गेली. मला पाण्याचा आवाज ऐकू आला. आईनेही ऐकला. तिने माझा दंड असा धरला की अजून वळ आहे.

मग यांनी साधनाबाईच्या घरून शिडी, होल्डर आणि तिने नंतर स्वतःच मशीनवर लावलेला बल्ब मागून घेतला. एका पायात चप्पल आणि अंगात कार्यक्रमाचा पांढरा सदरा, तसेच खांबावर चढले. खालून पुनारामकाकांनी शिडी धरली. समितीला कोणी विचारले नाही. बल्ब लागला तेव्हा लालसरच होता, पण कड दिसली. त्या उजेडात सगळे ओलांडून आले. तुम्हाला वाटले असेल की लोक उशिरा का आले.

तुमचे म्हणणे खरे ठरले. पण दादा, मी माझ्या नवऱ्याला बाबांच्याच जागी पडताना पाहणार होते. तुम्ही वार ठरवलात तेव्हा हे तुमच्या मनात आले होते का? त्याचे उत्तर मला लिहा. नुसते आशीर्वाद लिहू नका.

आईच्या पायांवर डोके. वहिनींना जयभीम.
ललिता


बालाघाट
१८ जानेवारी १९८७

चि. सौ. ललिता हीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू विचारलेस त्याचे उत्तर देतो. हो, मनात आले होते. कोणी पडेल असे नाही, पण भीती वाटावी असे नक्की आले होते, आणि जावईबापूंना सगळ्यात जास्त वाटावी असेही. त्यांचा पाय कडेवर जाईल हे आले नव्हते. तू सदरा धरलास म्हणून मी हे पत्र लिहू शकतो. त्यांना म्हणावे की घनश्याम नव्या चपला पाठवतो आहे, परत करू नका.

माझा राग गेलेला नाही. पुनाराम परवा घरी आले, प्रस्तावातले नजरेचे वाक्य काढले म्हणाले. त्यांच्या म्हाताऱ्या आईने तीन दिवस त्यांच्या हातचे पाणी घेतले नाही, हेही त्यांनीच सांगितले. बल्ब राहील म्हणाले. खांबावर नाव रंगवू का विचारले. मी नको म्हणालो. चहा दिला नाही.

जावईबापूंनी लिहिले आहे की उद्या बल्ब राहणार नाहीत. नसतील. ते तेव्हा पाहू. ज्या दिवशी बालाघाटात संध्याकाळी धान मिल चालू असताना ट्यूब जळेल, त्या दिवशी मी स्वतः शिडी धरीन.

आता आईचे. बल्ब आपल्या ओसरीतून दिसतो. तो लागल्यापासून रपट्याची कड दिसते, आणि खालचे दगडही दिसतात. मी बल्ब मागत होतो तेव्हा हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. पहिल्या दोन संध्याकाळी मी ओसरीत बसलो नाही. काल आई स्वतः येऊन बसली. बराच वेळ तिकडे पाहत होती. मग सत्यभामाला विचारले की, कोणता दगड व पोरी? सत्यभामा म्हणाली की मले नाही माहीत. तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे. आई म्हणाली की, राहू दे, मले दिसला.

नंतर तिने पदर डोक्यावर घेतला आणि वंदनेला निघाली. मी मागोमाग गेलो. रपट्यावर ती थांबली नाही, खाली पाहिले नाही, जशी बाबांबरोबर चालायची तशी उजव्या बाजूने चालत गेली. मला मात्र मधेच थांबावे लागले. पलीकडून तिने हाक मारली की, घनश्याम, ये न बापा, वंदना सुरू होऊन राह्यली.

बाळाला घेऊन ये. आता कडेवर आण. माझ्यावर लोभ आहे तेवढा ठेव, जास्त मागत नाही.
तुझा दादा,
घनश्याम